एमआरआय नॉर्मल आला, तरी त्रास खराच आहे

ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचं, निदान होऊन चार वर्षं झाली, बोलताना शब्द सापडत नाहीत, वाचलेलं पान डोक्यात राहत नाही आणि एमआरआय मात्र नॉर्मल. मग हे मनाचे खेळ आहेत का, असं तुम्ही विचारलंय. नाही, अजिबात नाहीत.

माझ्या ल्युपसला अकरा वर्षं झाली. एकदा दारात उभी होते, चावी हातातच होती, पण "ती... कुलूप उघडायची..." याच्या पुढे शब्दच येईना. त्या दिवशी फार घाबरले होते, म्हणून तुमची धास्ती समजते.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, काम कसं चाललंय ते दिसत नाही. ल्युपसमध्ये मज्जासंस्थेला होणाऱ्या 19 प्रकारच्या त्रासांची यादी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 1999 मध्येच केली आहे. स्मरण, एकाग्रता आणि विचारांचा वेग यांतला बिघाड त्यात वेगळा नोंदवलाय.

खरी मेख कारणात आहे, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा. कुणाला अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीमुळे (अँटिबॉडी म्हणजे प्रतिकारशक्ती बनवते ती प्रथिनं, इथे ती आपल्याच शरीरावर उलटतात) रक्ताच्या गुठळ्या होतात. कुणाला आजाराची सूज भोवते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल झाला की काही अँटिबॉडी थेट चेतापेशींना त्रास देऊ शकतात. शिवाय स्टेरॉइडने झोप आणि मूड बिघडतो. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन, नैराश्य हेही तपासायलाच हवं. माझ्या बाबतीत थायरॉइड निघालं, आणि स्टेरॉइड मी संध्याकाळी घेत होते. डॉक्टरांनी ते सकाळी घ्यायला सांगितलं, झोप लागायला लागली. डोकं पूर्ण पूर्वीसारखं झालं नाही, पण बरंच मोकळं झालं. स्टेरॉइड मनाने बंद मात्र करू नका, ते धोक्याचं आहे.

पुढच्या भेटीत नुसतं "विसरायला होतं" म्हणू नका, ते हवेत विरतं. दोन आठवडे वहीत लिहा: काय अडलं, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती, सांधे दुखत होते का. मी ती वही समोर ठेवली तेव्हा कुठे न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीचा, म्हणजे स्मरण आणि एकाग्रता मोजणाऱ्या चाचणीचा, विषय निघाला. तुम्हीही त्याबद्दल विचारा.

फिट, एकाएकी गोंधळल्यासारखं होणं, भास, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक इमर्जन्सीत जा.

अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी झाली आहे का तुमची? फाईल काढून बघा आणि काय आलंय ते कळवा.