आधी रिपोर्टिंग रूममध्ये बस

सीटी-एमआरआयची चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे व्ह्यूअरची, पहिली स्क्रीन काढण्याआधी एक दिवस रेडिऑलॉजिस्टच्या शेजारी बसून बघ. अंधाऱ्या खोलीत त्यांची नजर चित्रावरून हलत नाही, माउसवरचा हात आपोआप चालतो. तेव्हा बटणं नटवण्यात वेळ घालवू नकोस. चाक फिरवलं की पुढचा स्लाइस, म्हणजे शरीराचा पुढचा काप, माउस ओढला की विंडो, म्हणजे काळ्या ते पांढऱ्या छटांत दाखवायचा मूल्यांचा पट्टा, बदलली, एवढं न अडखळता झालं पाहिजे. आणि टूलबार काळपटच ठेव, पांढरा डोळ्यांत खुपतो.

विंडोइंग, म्हणजे हा पट्टा निवडणं, मात्र नीट समजून घे, सगळी गोम तिथे आहे. सीटीत क्ष-किरण किती अडले ते सांगणाऱ्या हाउन्सफिल्ड मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, आणि हाड तर कितीतरी वर. हा सगळा पल्ला एकदम दाखवला तर मेंदूतले बारीक फरक करड्या रंगात बुडून जातात. म्हणून मेंदूला विंडोची साधारण रुंदी ८०, मध्य ४०. फुप्फुसाला रुंदी १५००, मध्य उणे ६००. हे प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या जोड्या, कीबोर्डवरच्या आकड्यांना जोडून टाक.

माझा एक घोळ सांगतो. चित्र आडवं उलटवायची सोय दिली, पण उजवी-डावी बाजू सांगणारी ‘आर’ आणि ‘एल’ ही अक्षरं जागच्या जागीच राहिली! रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे, हा संकेत. अक्षरं खोटं बोलली तर शस्त्रक्रियासुद्धा चुकीच्या बाजूला होऊ शकते. नशिबाने चाचणीतच सापडलं.

अंतर मोजताना डायकॉममधलं (वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित फाइलमधलं) पिक्सेल स्पेसिंग, म्हणजे दोन पिक्सेलांमधलं खरं अंतर, वाच. ते नसेल तर मिलिमीटर लिहूच नकोस. सरावाला ऑर्थँक हा डायकॉम सर्व्हर आणि ओएचआयएफ हा ब्राउझरमधला व्ह्यूअर फुकट मिळतात.