भाऊ बिनधास्त, बहीण गप्प: हिचाच आत्मविश्वास कमी का?

एका आईवडिलांची काळजी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): मुलगी 14 वर्षांची, नववीत. सातवीपर्यंत गॅदरिंगचं सूत्रसंचालन करायची, आता पाहुणे आले की खोलीतून बाहेर येत नाही. थोरला 17 चा, बिनधास्त. वडिलांनी इंटरनेटवरची, आत्मसन्मान मोजणारी रोझेनबर्ग प्रश्नावली तिच्याकडून भरून घेतली. बेरीज 30 पैकी 14. पंधराच्या खाली म्हणजे कमी, असं वाचलं आणि धास्तावले.

आधी बेरीजच तपासली. 1965 च्या या प्रश्नावलीत 10 विधानं आहेत. त्यातली 5 नकारार्थी, म्हणून त्यांचे गुण उलटे मोजायचे: ‘असहमत’ला 1 नव्हे, 2. नेमकं तेच राहिलं होतं. खरे गुण 19, म्हणजे सर्वसाधारण.

मग गप्प का? ते एका आकड्यात दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांच्या किशोरांसाठीच्या मोजपट्टीत अभ्यास, खेळ, मैत्री, रूप, वागणूक वेगवेगळी मोजतात. त्या धर्तीवर तिला प्रत्येक बाबीला 10 पैकी गुण द्यायला सांगितले, शेजारी रकाना: ‘हे तुला कोण म्हणालं?’ अभ्यास 8, मैत्री 7, रूप 2. रकान्यात आजी आणि मावशी: ‘किती काळवंडलीस गं!’

एकूण आत्मसन्मानात मुलगे-मुलींतला फरक सरासरीने लहानच असतो, अभ्यासाबाबत जवळजवळ नसतोच. रूपाबाबत मात्र तो ठळक होतो. आणि स्वतःच्या रूपाबद्दलचं मत एकूण आत्मसन्मानाला सगळ्यात घट्ट चिकटलेलं असतं.

उपाय घरासाठी होता. सहा आठवडे कुणाच्याच शरीरावर शेरा नाही. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हेसुद्धा नाही, कारण कौतुकानेही नजर आरशावरच राहते. आईने स्वतःच्या वजनाला नावं ठेवणंही बंद. (हेच सर्वांत जड गेलं.) स्टेजचा आग्रह नको, आधी वर्गात तीन मिनिटं बोलणं पुरे.

तोच कागद भावानेही भरला. रूप 3. उंची आणि काडीसारखे हात. पोहणं त्याने ‘अभ्यासामुळे’ सोडलं होतं. खरं कारण अंगातला शर्ट काढायची लाज. मुलग्यांत हे सहसा असंच झाकलेलं राहतं. त्याला समोर बसवून विचारू नका, गाडीवरून जाताना विचारा.

झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्याबद्दल निराशेचं बोलणं आलं तर दोन आठवडे थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.