सहावीच्या संचिकांना गुण द्यायचे तरी कसे?

ताई, 46 मुलांच्या फुगलेल्या संचिका (मुलांचं निवडक काम ठेवायच्या फायली) आणि दिवाळीआधी त्यांवर गुण कसे द्यायचे, हा तुमचा प्रश्न वाचून माझंच पहिलं वर्ष आठवलं. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून रंगीत फायली आणल्या, त्यात चाचण्या, चित्रं, पानांचे ठसे सगळं कोंबलं. निम्म्या पानांवर अक्षर आईचं! पाहुण्यांनी कौतुक केलं. मला मात्र एकाही मुलाबद्दल नवीन काही कळलं नाही.

आता विषयाला सत्रात तीनच कागद. दोन मूल निवडतं, एक मी. प्रत्येकावर तारीख आणि ‘हाच का निवडला’ याच्या दोन ओळी. ‘आवडला म्हणून’ चालत नाही, हे समजावण्यात आपला जुलै जातो (विदर्भात शाळाच जूनअखेरीस उघडतात).

कच्चा खर्डा फेकू देऊ नका. तान्ह्या पोळ्यावर (लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून नेतात तो सण) एकानं आधी लिहिलं होतं, “बैल सजवला. मजा आली.” दुसऱ्या खर्ड्यात बैलाचं चाक वाटेत निखळलं आणि तो रांगेत लाकडी बैल काखेत धरून उभा राहिला, हे सगळं आलं. खर्डा नसता तर ही झेप मला दिसलीच नसती.

गणितात तर संचिकेनं माझेच डोळे उघडले. एक मुलगी चाचणीत 1/2 + 1/3 = 5/6 बरोबर सोडवायची. संचिकेतल्या चित्रात मात्र अर्धा एका लांबीच्या पट्टीचा, तृतीयांश भलत्याच लांबीच्या पट्टीचा, आणि तिन्ही भाग लहानमोठे. रीत पाठ होती, अपूर्णांक कळला नव्हता. मग कागदाच्या सारख्या पट्ट्या घड्या घालून पुन्हा केलं. तो दुसरा कागद पहिल्याच्या मागेच लावलाय.

आता गुण. फाईलला वेगळे दहा गुण ठेवू नका, मुलं लगेच चमकी चिकटवायला लागतात. सहावीला आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या कामाचे, 50 गुण आहेत. प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय या साधनांचे गुण देताना संचिकेतला कागद पुरावा म्हणून समोर ठेवायचा. मी बघते एवढंच: चूक त्याची त्याला सापडली का, दुसऱ्या खेपेला काय बदललं, कारण स्वतःच्या शब्दांत आहे का. टापटिपीला शून्य. वर्णनात्मक नोंदही त्या कागदावरूनच लिहा. ‘अपूर्णांकाचे समान भाग आता पाडते’ ही नोंद ‘प्रगती समाधानकारक’पेक्षा पालकाला जास्त कळते.

मुख्याध्यापिका 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकाचा दाखला देतात म्हणालात. बरोबरच आहे, पण त्यात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही आहे, तेही त्यांना दाखवा. म्हणजे सगळं ओझं तुमच्या एकटीवर यायचं नाही.

एका रात्रीत 46 होत नाहीत हो, मी करून बसलेय. रोज चार मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, बाकीचा वर्ग वाचनाला. बारा दिवसांत आटोपतं. आणि फायली कपाटात कुलपाआड नकोत. खोक्यात हजेरी क्रमांकानं लावून खिडकीखाली ठेवा, मुलं आपली आपण काढतात.