दान देताना पाणी का सोडतात?

प्रिय चिऊ,

परवा व्हिडिओवर आजी शिधा देताना दिसली तेव्हा तू विचारलंस, "तांदूळ-डाळ तर दिलीच, मग वर ताम्हनात पाणी कशाला सोडलं? आणि देऊन पुण्य मिळणार असेल तर तो सौदाच नाही का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या पळीभर पाण्यात आहे.

धर्मशास्त्रात नुसतं हातावर ठेवलं म्हणजे दान झालं, असं नाही. वस्तूवरचा आपला हक्क संपला पाहिजे आणि घेणाऱ्याचा हक्क सुरू झाला पाहिजे. हक्क डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सुटल्याची खूण पाण्याने करायची. 'त्या पैशांवर पाणी सोड' किंवा 'घरादारावर तुळशीपत्र ठेवलं' असं आपण म्हणतो, त्यात हाच विधी आहे. विहीर किंवा तळं सगळ्यांसाठी अर्पण केलं तर त्याला उत्सर्ग म्हणतात. तिथे घेणारा कोणी एक नसतो आणि देणाराही त्यातलं पाणी पिऊ शकतो. दानाला मात्र स्वीकारणारा लागतोच.

कृती अशी. आचमन करायचं, म्हणजे तळहातावर पाणी घेऊन ते प्यायचं. उजव्या तळहातावर गंध, फूल, अक्षता आणि सुपारी घ्यायची. अक्षतांचे दाणे अखंड हवेत, तुटलेले नकोत. तिथी, ठिकाण, आपलं नाव-गोत्र आणि काय देतो आहोत ते म्हणायचं, हाच संकल्प, आणि डाव्या हाताने पळीभर पाणी तळहातावर घालून ते ताम्हनात सोडायचं. पाणी बोटांच्या टोकांवरून गेलं पाहिजे, ते देवतीर्थ, म्हणजे हातावरची देवांसाठीची वाट. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडतात ते पितरांसाठी, आणि तिथे अक्षतांऐवजी तीळ लागतात. घाईत नेमकी इथेच चूक होते. मग घेणाऱ्याला गंध-अक्षता लावून, वस्तूवर तुळशीपत्र ठेवून "प्रतिगृह्यताम्", याचा स्वीकार व्हावा, असं म्हणायचं. घेणारे "प्रतिगृह्णामि", मी स्वीकारतो, असं म्हणतात. "न मम", माझं नाही, हे शब्द आपले. शेवटी दक्षिणा, मग ती एक नाणं का असेना. तिच्यावाचून दान पुरं झालं असं मानत नाहीत.

आता सौद्याचं. तुझी शंका रास्त आहे, आणि गीतेनेच ती 17व्या अध्यायात घेतली आहे. द्यायला हवं म्हणून, परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, कुरकुरत दिलेलं ते राजस. अपमान करून, तुच्छतेने दिलेलं ते तामस. फळाचं वचन पुराणांत जागोजागी आहे, हे खरं. मला वाटतं, मिटलेली मूठ पहिल्यांदा उघडावी म्हणून ते आहे. पण पुण्यावरचा डोळा सुटत नाही तोवर हक्कही पुरता सुटलेला नसतो.

दान कसं बिघडतं ते कथांमधून फार नेमकं कळतं. कठोपनिषदात नचिकेताचे वडील दानात अशा गाई देतात ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध काढून झालं. आपल्याला नकोसं झालेलं देणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे, अडगळ काढणं. भागवतातल्या नृग राजाने आधी दान दिलेली एक गाय आपल्या कळपात परत आली हे न कळून दुसऱ्याला दिली आणि तो सरडा होऊन विहिरीत पडला. नियत चांगली असूनही जे आपलं नाही ते देता येत नाही, इतका हा हिशोब कडक आहे. मनुस्मृती सांगते की गाजावाजा केल्याने दान झिजतं. आणि याज्ञवल्क्य स्मृतीची अट आहे, कुटुंबाला झळ न लागेल इतकंच द्यावं. घरच्यांना उपाशी ठेवून बाहेर दिलं तर तो धर्म नव्हे.

तू आहेस तिथे गुरुजी मिळाले नाहीत म्हणून अडून राहू नकोस. अन्नपेढीला (फूड बँकेला) द्यायचं असेल तर त्यांना काय लागतं ते आधी विचार, डब्यावरची तारीख बघ, आणि आपण स्वतः जे खाऊ तेच निवड. कपडे धुऊन, बटणं तपासून दे. रक्कम आधी ठरव, देताना कमी करू नकोस. संकल्प मराठीत चालेल: "आज अमुक तिथीला मी हे अन्न भुकेल्यांसाठी देते, हे आता माझं नाही." दिल्यावर त्याचं पुढे काय केलं याची चौकशी करत बसू नकोस. नंतर ताम्हनातलं पाणी पायदळी येणार नाही असं एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओत.

तुझा,
बाबा