रोटर मध्यावरून सरकला की : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिंगणा रोडवर माझं ई-रिक्षाचं गॅरेज आहे. एका बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, मॅग्नेटवाल्या) मोटरच्या बेअरिंग बदलवल्या, तेव्हापासून ती घूं-घूं आवाज करून राहिली. एक कव्हर काढून फिलर (गॅप मोजायची पातळ पत्ती) घातला तर रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) यांच्यातली गॅप एका बाजूला ०.६ आणि समोर १ मिमी निघाली. पण शाफ्ट फिरवून तिन्ही फेजचं (कॉइलच्या तीन गटांचं) व्होल्टेज पाहिलं तर अगदी सारखं! मग दोष गॅपचा म्हणायचा की नाही?

उत्तर : आधी मोजमापाचं बघू. कव्हर काढलंत तिथेच रोटरचा एक आधार गेला. रोटरवरचा मॅग्नेट स्टेटरकडे ओढ घेतच असतो, त्यामुळे मोकळं टोक कुठल्या तरी अंगाला कलणारच. तुमच्या तफावतीतला बराच भाग मोटर उघडल्यामुळेच आलेला असू शकतो. शिवाय स्टीलचा फिलर मॅग्नेटला चिकटतो आणि हाताला चुकीचा अंदाज देतो. पितळेची किंवा प्लॅस्टिकची पत्ती वापरा. खरी तपासणी लेथवर होते. स्टेटरचा आतला गोल आणि कव्हरमधलं बेअरिंगचं घर एकाच मध्यावर आहेत का, ते डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून बघा.

आता समजा, रोटर खरोखरच ०.२ मिमी सरकलेला आहे. तरी व्होल्टेज सारखं का? एका फेजच्या कॉइल गोलाभोवती विखुरलेल्या आणि सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. अरुंद बाजूच्या कॉइलला थोडं जास्त मिळतं, समोरच्या कॉइलला जवळपास तितकंच कमी, आणि बेरीज तीच राहते. ओढीचं तसं नाही. इकडे वाढली आणि तिकडे घटली, तर दोन्ही मिळून रोटरला एकाच दिशेला नेतात. म्हणून व्होल्टमीटर गप्प आणि बेअरिंग ओरडते.

किती ओढ? हिशेब कागदावर होतो. मॅग्नेटची पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र आरपार जाऊ देण्याची क्षमता) हवेच्या जेमतेम १.०५ पट, म्हणजे क्षेत्राच्या दृष्टीने मॅग्नेटसुद्धा गॅपच. ०.८ मिमी हवा आणि ३ मिमी मॅग्नेट धरला तर खरी गॅप साधारण ३.६६ मिमी. ०.२ मिमी हा हवेचा चौथा हिस्सा, पण या गॅपचा फक्त साडेपाच टक्के. क्षेत्र आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ०.६ टेस्ला असेल तर दाब सुमारे १.४३ लाख पास्कल. ३० मिमी त्रिज्या आणि ४० मिमी लांबीच्या रोटरवर एका बाजूची ओढ सुमारे ५९ न्यूटन येते, म्हणजे सहा किलोचं वजन शाफ्टला कायम टांगल्यासारखं. इंडक्शन मोटरमध्ये मॅग्नेटची ही गादी नसते, म्हणून तिथे एवढं सरकणं फार महाग पडतं.

प्रश्न : मी व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेत एम. टेक. करतो. एफईएममध्ये (मोटरचे बारीक तुकडे पाडून कॉम्प्युटरवर केलेल्या हिशेबात) रोटर अगदी मध्यावर असतानाही १५ न्यूटन ओढ दिसते. मेश (त्या तुकड्यांची जाळी) बदलला की आकडाही बदलतो. चूक कुठे आहे?

उत्तर : वरचाच रोटर घ्या. त्याच्या पृष्ठावरची ओढ दिशा न बघता नुसती बेरजेला धरली तर १०८० न्यूटनच्या आसपास जाते, आणि तुम्ही शोधताय ५९. मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढायचा, म्हणजे मेशमधली एक-दोन टक्क्यांची विषमताही त्यात मिसळते. गॅपमध्ये किमान तीन-चार थर द्या, गोलाभोवती मेश सर्वत्र सारखा ठेवा, आणि मध्यावरच्या रोटरचं उत्तर शून्याजवळ आल्याशिवाय सरकवलेल्या रोटरवर विश्वास ठेवू नका. मॉडेलमध्ये एकाच पोलचा (मॅग्नेटच्या ध्रुवाचा) तुकडा घेऊन चालणार नाही. रोटर सरकला की सममिती मोडते, म्हणून पूर्ण गोलच हवा.

पण आधी तुमचे स्लॉट (स्टेटरमधल्या कॉइलच्या खाचा) मोजा. ९ स्लॉट, ८ पोलची मोटर असेल तर रोटर मध्यावर असूनही, विशेषतः लोडवर, खरीखुरी ओढ असते. तेव्हा दोष मेशला देऊ नका.

माझा आग्रह असा की एफईएमच्या आधी पर्टर्बेशनने (लहान बदल धरून हाताने केलेल्या हिशेबाने) एक पान लिहाच. सरकणं लहान धरलं की ८ पोल म्हणजे ४ पोल-जोड्यांच्या क्षेत्राच्या लाटेला ३ आणि ५ या शेजारच्या लाटा चिकटतात. ४ चा ३ शी आणि ५ शी गुणाकार होतो, तिथूनच एका बाजूची ओढ जन्मते. हे एकदा दिसलं की एफईएमचा आलेख वाचताना आपण नेमकं काय शोधतोय ते कळतं.

प्रश्न : मे महिन्यात नागपुरी उन्हात मोटर जास्त आवाज करते. ऊन लागलं की ओढ वाढते का?

उत्तर : उलट, कमी होते. निओडिमियम मॅग्नेटचं चुंबकत्व दर अंशाला सुमारे ०.११ टक्क्याने घटतं. २० वरून ९० अंशांवर गेलं की क्षेत्र ७-८ टक्क्यांनी कमी आणि ओढ सुमारे १५ टक्क्यांनी. आवाजासाठी आधी बेअरिंगचं ग्रीस बघा.

प्रश्न : स्थिर आणि फिरती विकेंद्रितता (रोटरचं मध्यावरून सरकणं) मॉडेलमध्ये वेगळी कशी करायची?

उत्तर : फिरण्याचा मध्य कुठे आहे, एवढंच ठरवायचं. बेअरिंगचं घर बाजूला गेलं असेल तर रोटर स्वतःच्याच मध्याभोवती फिरतो. अरुंद जागा स्टेटरच्या एकाच दाताशी (दोन स्लॉटमधल्या लोखंडाशी) टिकते आणि ओढीची मुख्य दिशा बदलत नाही. शाफ्ट वाकला असेल तर फिरण्याचा मध्य स्टेटरचाच राहतो, अरुंद जागा रोटरबरोबर फिरते आणि कंपनात दर फेऱ्याला एक ठोका दिसतो. एफईएममध्ये फिरणाऱ्या पट्ट्याचं (गॅपमधल्या, रोटर आणि स्टेटरचे मेश जोडणाऱ्या थराचं) वर्तुळ दोन्ही वेळा फिरण्याच्या मध्यावरच काढा. विद्यार्थी इथेच चुकतात. सवयीने वर्तुळ स्टेटरच्या मध्यावर ठेवतात, आणि स्थिर म्हणून सोडवलेलं उदाहरण नकळत फिरतं होऊन बसतं. ताळा सोपा आहे : रोटर पाव फेरा फिरवा आणि अरुंद गॅप त्याच दाताशी राहिली का, ते चित्रात बघा.