120 व्होल्टचा चार्जर आणि दुकानदाराचा शब्द

प्रश्न: वेंगुर्ल्यात मी एकटाच सुतारकाम करतो. दोन आठवड्यांपूर्वी मुंबईच्या एका दुकानातून अमेरिकेतून आणलेलं कॉर्डलेस ड्रिल 18,500 रुपयांना मागवलं. चार्जरवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलेलं दिसलं म्हणून विचारलं, तर दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर कळवलं, 'सोबत दिलेली पिन लावा, चालेल.' लावताक्षणी चार्जर फुटला. आता तो बिलावरचं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य दाखवतो. मला पैसे मिळतील का?

उत्तर: मिळू शकतील, आणि ते त्या मेसेजमुळे. तो मेसेज जिवापाड जपा.

दुकानदार म्हणेल, चार्जर चांगलाच होता, चुकीच्या विजेवर तुम्ही लावलात. यातला पहिला भाग खरा आहे. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात. पिन कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. व्होल्टेज उतरवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. म्हणून 'उत्पादन दायित्वा'च्या, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीची भरपाई मागण्याच्या, वाटेने जाऊ नका. तिथे वस्तूचं स्वतःचं नुकसान 'हानी'त मोजतच नाहीत, शिवाय गैरवापराचा बचावही विक्रेत्याला मिळतो.

तुमची वाट साधी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(10) प्रमाणे विक्रेत्याने जो दावा केला त्यात माल उणा पडला, तर तोही 'दोष'च. तुम्ही शंका विचारलीत, त्याने लेखी होकार दिला, पिनही त्यानेच दिली. याला गैरवापर कोण म्हणेल?

'धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही' असंही तो म्हणेल. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं हत्यार कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात बसतं, म्हणजे तुम्ही ग्राहकच ठरता. बिलावरच्या त्या वाक्याचंही दडपण नको. बिलात मुदत दिलेली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून याच आठवड्यात स्पीड पोस्टाने लेखी मागणी पाठवा: पूर्ण रक्कम, किंवा त्याच बॅटरीला चालणारा 230 व्होल्टचा चार्जर. तुमचं काम अडलं आहे, तेव्हा दुसरा पर्याय मिळाला तर मी तो घेईन.

जळका चार्जर कोणालाही उघडू देऊ नका. लेबलाचे फोटो काढा आणि आपल्या खाऱ्या हवेत तो गंजू नये म्हणून कोरड्या डब्यात ठेवा. पुढे तक्रार करावी लागली, तर ग्राहक आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. बॅटरी फुगली असेल तर भुशाजवळ मुळीच ठेवू नका.

दाद मिळाली नाही तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तरीही जमलं नाही, तर ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, मुंबईला खेपा घालायच्या नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.