अंकात छापून आलं, पुढे काय?

अमेरिकी विद्यापीठांच्या वाङ्मयीन नियतकालिकांत लिहिणाऱ्यांकडून आणि ती चालवणाऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : पाच कवितांचा संच एका विद्यापीठाच्या त्रैमासिकाकडे पाठवला आहे. त्यातली एक दुसरीकडे स्वीकारली गेली. आता काय करू?

त्रैमासिकाला त्याच दिवशी कळवा. एकाच वेळी अनेकांकडे पाठवायला बहुतेक अंकांची ना नसते, पण ही एक अट असतेच. घोळ होतो तो कळवण्याच्या पद्धतीत. सबमिटेबलवरचं (साहित्य ऑनलाइन पाठवण्याच्या व्यवस्थेवरचं) ‘विथड्रॉ’ म्हणजे ‘मागे घ्या’ बटण दाबलं की अख्खा संच मागे जातो आणि उरलेल्या चार कविता न वाचताच बाद होतात. त्या बटणाला हात लावू नका. त्याच नोंदीखाली संपादकांना दोन ओळींचा निरोप लिहा : अमुक शीर्षकाची कविता मागे घेत आहे, बाकीच्या चार विचारात असू द्या. माफीनाम्याची गरज नाही.

प्रश्न : अंकाने माझी कथा पुशकार्ट पुरस्कारासाठी सुचवली. परिचयात ‘पुशकार्ट पुरस्कारप्राप्त’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही. ‘नामांकित’ लिहा. पुशकार्ट म्हणजे छोट्या नियतकालिकांत आणि छोट्या प्रकाशनांत आलेल्या साहित्यातून निवडलेला वार्षिक संग्रह. तो १९७६ पासून निघतो आणि त्यात निवड होणं हाच पुरस्कार. प्रत्येक संपादकाला त्या वर्षातल्या जास्तीत जास्त सहा रचना सुचवता येतात, मुदत १ डिसेंबरची. शेकडो अंक सहा-सहा नावं पाठवतात, तेव्हा नामांकनांचा आकडा केवढा होत असेल याचा अंदाज करा. संग्रहात जागा मिळते ती त्यातल्या मोजक्यांना. तरी नामांकन पोकळ नव्हे. वर्षभर छापलेल्या सगळ्यातून संपादकांनी तुमची कथा सहांत ठेवली, हे खरंच आहे आणि तेवढंच सांगावं.

प्रश्न : माझा संग्रह येतो आहे. त्यातल्या तीन कथा अंकांत आधी आल्या आहेत. परवानगी लागेल?

करारपत्र काढून पाहा. बहुतेक अंक फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क घेतात आणि छापून झाल्यावर तो लेखकाकडे परत येतो. मात्र काही करारांत ‘इतके महिने इतरत्र छापू नये’ असं कलम असतं. संग्रहाची तारीख त्या आत येत असेल तर संपादकांना लेखी विचारा. करारच झाला नसेल तरी घाबरू नका. अमेरिकी कायद्यानुसार, लेखी हस्तांतरण नसेल तर रचनेवरचा हक्क लेखकाचाच राहतो. अंकाला ती रचना अंकाचा भाग म्हणून छापण्यापुरतीच मुभा मिळते.

ऋणनिर्देश मात्र चुकवू नका. अंकाचं नाव द्या, आणि कथेचं शीर्षक बदललं असेल तर मूळ शीर्षकही द्या. ते दिलं नाही तर पुढे कोणालाही, अगदी अंकाच्या संपादकांनाही, ही आपलीच कथा हे ओळखता येत नाही.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी संपादक आहोत. ‘आमच्या लेखकांचं यश’ या पानासाठी दरवेळी त्याच दोघांची पत्रं येतात. बाकीचे काही कळवतच नाहीत.

ते कळवत असतील, पण कोणाला? विद्यार्थी संपादक वर्षा-दोन वर्षांत बदलतात आणि लेखकांकडे राहतो तो जुन्या संपादकाचा बंद पडलेला वैयक्तिक पत्ता. अंकाच्या नावाने एकच कायमचा ईमेल ठेवा आणि त्याचा पासवर्ड पुढच्या चमूकडे लेखी सोपवा. हे एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

मग एक तक्ता करा : लेखकाचं नाव (टोपणनाव वेगळ्या रकान्यात, कारण पुस्तक भलत्याच नावाने येऊ शकतं), अंक क्रमांक, शीर्षक, काय घडलं, कधी, पडताळणी कुठे केली. वर्षातून दोनदा सगळ्यांना छोटं पत्र पाठवा आणि नुसतं ‘काही नवीन?’ न विचारता ‘पुस्तक, पुरस्कार, शिष्यवृत्ती, संग्रहात निवड, यांपैकी काही?’ असं विचारा. मोघम प्रश्नाला संकोची माणूस उत्तर देत नाही.

जुने लेखक यादीतून काढू नका. अमेरिकी लेखिका फ्लॅनरी ओ’कॉनर यांची पहिली कथा १९४६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या ‘ॲक्सेंट’मध्ये आली, पहिली कादंबरी १९५२ मध्ये. सहा वर्षांत तुमच्याकडे किती चमू बदलतील?

न सांगता आलेलं यशही शोधा. ‘द बेस्ट अमेरिकन शॉर्ट स्टोरीज’ हा संग्रह १९१५ पासून निघतो. त्याच्या शेवटी निवडीच्या जवळ पोहोचलेल्या कथांची, अंकांच्या नावांसह, यादी असते. ती दरवर्षी चाळा. त्यासाठी आधी तुमचा प्रत्येक अंक त्या मालिकेच्या संपादकांकडे पोहोचलेला हवा. न पोहोचलेला अंक कोण वाचणार!

दोन गोष्टी टाळा. प्रकाशकाने स्वतः जाहीर करण्याआधी कोणाचा पुस्तक-करार छापू नका. लेखक उत्साहात कळवतो आणि अडचणीतही तोच येतो. आणि ‘आम्ही घडवलेले लेखक’ ही भाषा नको. ‘अमुक अंकात यांची कथा आली होती’ एवढं पुरे. अनुदानाच्या अर्जालाही तेच जोडता येतं.